सुपरहिरोच्या गावात आणखी कोण कोण राहतं?



आनंददायी शनिवारच्या तासाला मी चौथीच्या मुलांसोबत एक गोष्टीचा खेळ घेते. खेळ साधा आहे. मुलं चार-पाच जणांच्या गटात बसतात. प्रत्येक गट आपला एक सुपरहिरो तयार करतो. त्याचं नाव, त्याची एक शक्ती आणि त्याची एक अडचण कागदावर लिहितो. मी सूत्रधार. मी प्रसंग सांगते, "खाडीचं पाणी रस्त्यावर आलंय, आता काय कराल?" गट आपापसात ठरवतो आणि सापशिडीचा फासा टाकतो. एक किंवा दोन पडले तर बेत फसला. तीन किंवा चार पडले तर बेत जमला, पण काहीतरी गमवावं लागलं. पाच किंवा सहा पडले तर फत्ते! मग मी पुढचा प्रसंग सांगते. पट नाही, सोंगट्या नाहीत, वेशभूषा नाही. फासा, कागद आणि तोंड, एवढंच सामान.

परदेशात असे खेळ पन्नास वर्षांपासून चालतात. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि टेबलाभोवती बसून, पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा प्रकार रुजला. १९७७ मध्ये 'सुपरहिरो २०४४' नावाचा खेळ आला आणि या प्रकारात सुपरहिरोही शिरले. आता तर त्यांच्या जाडजूड पुस्तकांच्या रांगा आहेत. आपल्याला ती विकत घ्यायची गरज नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडून जरूर घ्यावी. ती म्हणजे तयारीची सवय.

आणि या तयारीबद्दलच मला आज बोलायचं आहे. असा खेळ घ्यायचा म्हटलं की आपण सगळा वेळ हिरोच्या शक्तींवर आणि खलनायकाच्या कारस्थानावर घालवतो. माझं मत उलटं आहे. हिरो मुलं तयार करतात, त्यात आपली गरज नाही. खलनायक दोन ओळींत होतो. आपली खरी तयारी लागते ती सहपात्रांवर, म्हणजे हिरोच्या आजूबाजूच्या माणसांवर. भाजीवाली मावशी, वॉचमन काका, रिक्षावाले, होडीवाले, एकट्या राहणाऱ्या आजी. खेळाच्या तयारीला एक तास मिळाला तर त्यातली पाऊण तास या माणसांना द्या. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

माणसं नसली की खेळ लवकर संपतो

सहपात्रांशिवाय हा खेळ घेऊन बघा. पहिली दहा मिनिटं जोरदार जातात. "मी उडालो!" "मी आग फेकली!" "मी त्याला उचलून खाडीत टाकलं!" अकराव्या मिनिटाला मुलं एकमेकांच्या शक्ती मोजू लागतात. "माझी शक्ती जास्त." "नाही, माझी." तिथे गोष्ट थांबते आणि भांडण सुरू होतं. भाषेच्या दृष्टीनेही हाती काही लागत नाही, कारण मुलं तीन-चार क्रियापदांच्या पुढे जात नाहीत. मारलं, उडालो, फेकलं, जिंकलो.

आता त्याच प्रसंगात एक माणूस उभा करा. पाणी चढतंय आणि एकोणिसाव्या मजल्यावर एक आजी एकट्या आहेत. लाइट गेली आहे, लिफ्ट बंद आहे. हिरो उडत खिडकीशी गेला, पण आजी खिडकी उघडत नाहीत. का उघडतील? बाहेर हवेत तरंगणारा अनोळखी माणूस दिसला तर तुम्ही उघडाल का? आता मुलांना आपली ओळख द्यावी लागते, विश्वास कमवावा लागतो, आजींना ऐकू कमी येतं म्हणून छोटी वाक्यं करावी लागतात. 'कृपया', 'घाबरू नका', 'तुम्हाला आणखी कोण ओळखतं?' ही भाषा तिथे आपोआप येते. शक्तीने जे सुटत नाही ते बोलण्याने सोडवावं लागतं, आणि मराठीच्या तासाला आपल्याला तेच तर हवं असतं.

मोठमोठ्या हिरोंनाही माणसं लागलीच

सुपरमॅन १९३८ मध्ये कॉमिकमध्ये आला तेव्हा पहिल्याच अंकात लुईस लेन ही पत्रकार त्याच्यासोबत होती. १९४० मध्ये त्याची रेडिओ मालिका सुरू झाली. रेडिओवर चित्र नसतं. हिरोच्या मनात काय चाललंय हे ऐकणाऱ्याला कळायला कुणाशी तरी बोलणं भाग असतं. संपादक पेरी व्हाइट आणि पोरगेला जिमी ओल्सन ही पात्रं रेडिओवर घडली आणि मग कॉमिकमध्ये रुळली. आपला वर्गातला खेळ रेडिओसारखाच आहे. चित्र नाही, फक्त बोलणं. म्हणून आपल्यालाही जिमी लागतोच.

स्पायडरमॅन १९६२ मध्ये आला. त्याच्या जाळ्याइतकीच त्याची गोष्ट बेनकाका आणि मेकाकूंवर उभी आहे. २००४ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा शिष्यवृत्तीवर खेड्यातून मुंबईला शिकायला येतो. बेन आणि मे यांच्या जागी तिथे भीमकाका आणि मायाकाकू आहेत. स्पायडरमॅनला मुंबईकर करायचं तर नुसता पोशाख बदलून भागत नाही, त्याचं घर बदलावं लागतं.

आमच्या पिढीचा हिरो शक्तिमान. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आला. आम्ही गोल गोल फिरायचो त्याच्यासारखे. पण गीता विश्वास ही वार्ताहर आठवते का? ती प्रश्न विचारायची म्हणून गोष्ट पुढे जायची. आपल्या मराठीतला 'चिंटू' बघा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये सुरू झाली. चिंटूला कसलीही शक्ती नाही. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, सतीशदादा हीच त्याची शक्ती! रोजच्या तीन-चार चौकटींत ही माणसं आपल्याला ओळखीची झाली, कारण प्रत्येकाचा स्वभाव पक्का होता. बगळ्या काय म्हणेल हे आपल्याला आधीच कळायचं आणि तरी हसू यायचं. सहपात्र असं असावं.

आणि हे आपल्याला नवीनही नाही

सिंधुदुर्गातल्या पारंपरिक दशावतारात लिहून पाठ केलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कुणी कोण व्हायचं ते ठरतं आणि पुढचं सगळं नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतात. वर्गातल्या खेळाचं रूप याहून फार वेगळं नाही. तमाशातली गवळण आठवा. कृष्ण असतोच, पण रंग भरतात पेंद्या आणि मावशी. कृष्णाला अडवायला, उलट प्रश्न विचारायला, त्याची टर उडवायला मावशी नसेल तर गवळण फिकी पडेल. देवालासुद्धा अडवणारं कुणीतरी लागतं, तिथे सुपरहिरोची काय कथा!

आपल्या ठाण्यात दहीहंडीचं किती प्रस्थ आहे हे सांगायला नको. फोटो येतो वरच्या थरावरच्या गोविंदाचा. पण खालच्या थराचे खांदे हलले तर वरच्याचं काय होईल हे ठाण्यातल्या लहान मुलालाही माहीत असतं. मुलांना सहपात्र म्हणजे काय हे समजवायला मी हेच उदाहरण देते. लगेच कळतं.

कोलशेतमधला खरा प्रश्न

इथपर्यंत मी खेळ रंगण्याबद्दल बोलले. पण मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने.

आमचं कोलशेत बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. खाडीकाठचं जुनं गाव. आगरी-कोळ्यांची घरं, देऊळ, होड्या. नंतर आजूबाजूला कंपन्या आल्या. आता मोठमोठे टॉवर उभे राहिलेत आणि अजून उठतायत. माझ्या वर्गातली मुलं गावठाणातली आहेत, चाळींतली आहेत, मराठवाड्यातून-खानदेशातून कामासाठी आलेल्या घरांतली आहेत. कुणाची आई टॉवरमध्ये घरकाम करते, कुणाचे बाबा गेटवर रात्रपाळी करतात, कुणाचे काका रिक्षा चालवतात.

ही मुलं हिरो तयार करतात तेव्हा तो कुठे राहतो? तिसाव्या मजल्यावर. त्याचं नाव काय? एखाद्या वेबसिरीजमधलं. त्याच्या गोष्टीत वॉचमन येतो, पण फक्त गेट उघडायला. बाई येते ती किंचाळायला. रिक्षा येते ती उलटायला. म्हणजे ज्या माणसांनी या मुलांना वाढवलं, तीच माणसं मुलांच्या गोष्टीत गर्दी होऊन उभी असतात. नाव नाही, बोलणं नाही.

एकदा एका मुलाने हिरोच्या आवाजात ऐटीत फर्मावलं, "ए वॉचमन, गेट खोल!" त्याचे स्वतःचे वडील सुरक्षारक्षक आहेत. तो वाईट मुलगा नाही, अगदी गुणी आहे. हिरो कसा बोलतो हे त्याने जसं ऐकलंय तसं तो बोलला. नवव्या वर्षी त्याला हे ठाऊक झालंय की गोष्टीत मोठं व्हायचं असेल तर आपल्या बापासारख्या माणसाशी एकेरीत बोलायचं असतं.

हे कुठल्या पुस्तकातून आलं नाही. आपल्या सगळ्यांच्या बोलण्यातून आलंय. 'परिसर अभ्यास'मध्ये आपण आपल्याला मदत करणाऱ्या लोकांबद्दल शिकवतो, मुलं उत्तरं अचूक लिहितात, पूर्ण गुण मिळवतात. पण खेळताना खरं काय शिकलंय ते बाहेर येतं. म्हणून म्हणते, खेळातली सहपात्रं हा किरकोळ मामला नाही. कोणाचं ऐकायचं, कोणाला नावाने हाक मारायची आणि कोणाला गर्दी समजायचं, याचा सराव मूल तिथे करत असतं.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईसह ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर पाण्यात. त्या रात्री आकाशातून कुणी उतरलं नाही. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना चहा-बिस्किटं दिली, घरात झोपायला जागा दिली, हाताला हात धरून साखळी केली आणि रस्ता पार करून दिला. त्या गोष्टीत सगळीच सहपात्रं होती, आणि तीच हिरो होती.

सहपात्राचं कार्ड कसं करायचं

पाच बोटांचे पाच प्रश्न. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उत्तरं लिहायची. यापेक्षा जास्त लिहू नका, खेळताना वाचायला वेळ नसतो.

१. नाव काय आणि लोक कशी हाक मारतात?
२. काम काय करतात?
३. आज त्यांना काय हवंय? (आयुष्याचं ध्येय नको, आजची गरज हवी.)
४. त्यांना असं काय माहीत आहे जे हिरोला माहीत नाही?
५. ते कशाला 'नाही' म्हणतील?

चौथा आणि पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. चौथ्यामुळे हिरोला त्या माणसाची गरज पडते. पाचव्यामुळे त्या माणसाला मान मिळतो. जो कधीच 'नाही' म्हणू शकत नाही तो माणूस राहत नाही, हिरोचं हत्यार होतो.

नमुन्यादाखल माझी पाच कार्डं देते. पात्रं काल्पनिक आहेत. खलनायकाचं नाव मुलांनीच ठेवलंय, 'डॉक्टर डबकं'. तो यंत्राने खाडीचं पाणी चढवतो.

तात्या, होडीवाले. गावठाणात राहतात. आज होडी दुरुस्त करून घ्यायची आहे. घड्याळ न बघता भरती कधी लागेल ते सांगतात. भरतीच्या वेळी होडी सोडायला 'नाही' म्हणतील. हिरोने कितीही गयावया केली तरी.

शकुंतलाताई, घरकाम करतात. पाच घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. बारा वाजेपर्यंत तिसरं घर गाठायचं आहे, खाडा झाला तर पैसे कापतात. एकोणिसाव्या मजल्यावरच्या आजी एकट्या आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं हे फक्त त्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या घराची किल्ली हिरोच्या हातात देणार नाहीत.

पांडुरंगकाका, सुरक्षारक्षक. मूळचे लातूरकडचे. रात्री आठला गावाहून मुलीचा फोन येणार आहे, तो चुकवायचा नाही. कुठली गाडी कधी आत आली, सगळं रजिस्टरमध्ये आणि डोक्यात असतं. गेट सोडून जाणार नाहीत. 'ए वॉचमन' म्हटलं तर उत्तर देत नाहीत.

सलीमभाई, रिक्षावाले. कापूरबावडी ते कोलशेत शेअर रिक्षा. आज हप्ता भरायचाय. कुठला रस्ता तुंबलाय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. तिसरी सीट भरल्याशिवाय रिक्षा हलवणार नाहीत, मग पाऊस असो की डॉक्टर डबकं.

गणेश, डॉक्टर डबकंच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. नुकताच बारावी झालाय. या महिन्याचा पगार झाला की धाकट्या भावाची फी भरायची आहे. यंत्राच्या खोलीचं कुलूप कसं उघडतं हे त्याला माहीत आहे. पण पाणी गावठाणाकडे सोडायचं बटण तो दाबणार नाही, कारण त्याची आजी तिथे राहते.

बघा, या पाच कार्डांत एकही मारामारी नाही, तरी गोष्ट तयार आहे. शकुंतलाताई किल्ली देत नाहीत म्हटल्यावर माझ्या वर्गातल्या एका गटाने बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी ठरलं की ताईंनीच वर यायचं, हिरोने त्यांना पाठीवर घेऊन उडायचं. ताई म्हणाल्या (म्हणजे मी म्हणाले), "आणि माझं तिसरं घर? खाडा कोण भरून देणार?" गट गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचा हिरो नंतर तिकडे जाऊन भांडी घासेल!" सगळा वर्ग हसला. पण फासा टाकून झाल्यावर त्या मुलीने हिरोच्या कागदावर खरंच लिहून ठेवलं, 'भांडी घासायची आहेत.' पुढच्या शनिवारी आठवणीने घासलीसुद्धा. मूल्यशिक्षणाच्या तासाला श्रमप्रतिष्ठेवर मी कितीही बोलले असते तरी हे झालं नसतं.

चार पथ्यं

एक, काकूला मारू नका. हिरोला राग यावा म्हणून त्याच्या जवळच्या माणसाचा बळी द्यायचा ही कॉमिकवाल्यांची जुनी खोड. १९९९ मध्ये गेल सिमोन या अमेरिकन लेखिकेने अशा मारल्या गेलेल्या, जखमी केलेल्या स्त्रीपात्रांची यादीच केली आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आपल्या वर्गात तर हे कटाक्षाने टाळावं. ज्या मुलाने घरात कुणाला गमावलंय ते आपल्यासमोरच बसलेलं असू शकतं. १९८१ च्या 'चॅम्पियन्स' या खेळात हिरोवर अवलंबून असलेला माणूस ही त्याची 'उणी बाजू' धरली जाते आणि तिच्या बदल्यात खेळणाऱ्याला गुण मिळतात. खेळ म्हणून युक्ती छान आहे, पण वर्गात मला ती उलटी करावीशी वाटते. काकू हे हिरोचं ओझं नको. काकूला काहीतरी माहीत असू द्या.

दोन, बोलीची टर नको. तात्यांचं बोलणं हशा पिकवायला आगरीत करू नका. आपल्याला आगरी येत नसेल तर साधं बोला. त्यापेक्षा छान म्हणजे वर्गातल्या आगरी बोलणाऱ्या मुलाला तात्या करा. एरवी प्रमाणभाषेच्या भीतीने गप्प बसणारं मूल तिथे असं काही बोलतं की बाकीचे ऐकत राहतात. तीच गोष्ट लातूरकडच्या काकांची. उत्तरेकडून आलेल्या पात्राला 'भैय्या, भैय्या' करून हसवणं तर अजिबात नको.

तीन, सहपात्राच्या तोंडून प्रवचन नको. आपण शिक्षक, आपल्याला मोह होतो. शकुंतलाताई कष्टाचं महत्त्व सांगणार नाहीत. त्यांना तिसरं घर गाठायचंय! त्या घाईतूनच मुलांना काय कळायचं ते कळतं. सूत्रधाराने एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नये, हा माझा नियम.

चार, मोठी माणसं मुलांना काय म्हणतात ते जपून. 'मास्क्स' नावाचा एक सुपरहिरो खेळ २०१६ मध्ये ब्रेंडन कॉनवे यांनी तयार केला. त्यातले हिरो किशोरवयीन आहेत. प्रत्येकाच्या कागदावर बळाचे, वेगाचे आकडे नसतात. तो स्वतःला किती धोकादायक, विचित्र, तारणहार, श्रेष्ठ किंवा सामान्य समजतो, याचे आकडे असतात. आणि मोठ्या माणसाने त्याला 'तू असा आहेस' म्हटलं आणि त्याने ते मानलं की एक आकडा वाढतो, दुसरा घटतो. मला वाटतं, हा नियम प्रत्येक शिक्षकाने एकदा शांतपणे वाचावा. आपण दिवसभर वर्गात हेच करत असतो. 'तू तर नेहमीच उशिरा' म्हटलं, एक आकडा हलला. 'तू विचारलेला प्रश्न छान होता' म्हटलं, दुसरा हलला. मुलाच्या गोष्टीत आपण सहपात्र आहोत, आपलंही एक कार्ड आहे.

काही शंका

"मराठीचा तास खेळात जातो, अभ्यासक्रम कधी संपणार?" पात्राचं कार्ड म्हणजे व्यक्तिचित्रण. हिरो आणि तात्यांचं बोलणं म्हणजे संवादलेखन. गोष्ट संपल्यावर पांडुरंगकाकांच्या रजिस्टरमधली नोंद लिहायला सांगा, तो झाला वृत्तान्त. शकुंतलाताईंसाठी सुट्टीचा अर्ज लिहायला सांगा, ते झालं पत्रलेखन. विषय तेच आहेत. फरक इतकाच की आता लिहायला कारण आहे.

"सुपरहिरो हे परकं खूळ, आपली गोष्ट का नाही?" मुलांच्या दप्तरावर, डब्यावर, टी-शर्टवर तो आधीच आलाय, आपण परवानगी द्यायची राहिलेली नाही. हिरो कुठलाही असू दे. त्याला कोलशेतमध्ये उतरवा, तात्यांशी बोलायला लावा. भरतीपुढे त्याचं काही चालत नाही हे कळलं की तो आपला होतो.

"मुलांनाच पात्रं करू द्या ना, शिक्षकाने का करायची?" हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मुलांनी करावीच. पण पहिली पाच कार्डं आपण करावीत. नाहीतर मुलं मालिकांमधला साचा उचलतात, विसरभोळा नोकर, जाडा हवालदार, रडकी बाई. दोन-तीन शनिवार नीट घडवलेली माणसं भेटली की मग कार्डं मुलांकडे द्या. एकच अट घाला, पात्र ओळखीच्या कुणाचं असेल तर त्या माणसाला आधी विचारून यायचं, "तुम्हाला आज काय हवंय?" हा प्रश्न घरी जाऊन आईला विचारणारं मूल काय काय घेऊन येतं ते अनुभवून बघा. एका मुलाने आणलेलं उत्तर होतं, "आईला दुपारी अर्धा तास कुणी हाक मारायला नको." कार्डावर तेवढंच लिहिलं. तिसऱ्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

"चाळीस मुलांच्या वर्गात जमेल का?" आठ गट, पाच कार्डं, एकच सूत्रधार, ओढाताण होते हे खरं. म्हणून तिसऱ्या शनिवारपासून प्रत्येक गटातलं एक मूल सहपात्र करावं आणि दर वेळी बदलावं. हिरो व्हायला सगळ्यांची झुंबड असते, सहपात्र व्हायला आधी कुणी तयार नसतं. पण सहपात्राला 'नाही' म्हणता येतं आणि हिरोला अडवता येतं हे कळलं की चित्र पालटतं. माझ्या वर्गात आता शकुंतलाताई व्हायला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

पालकांसाठी दोन शब्द

मुलं घरी येऊन खेळाबद्दल सांगतील तेव्हा "तुझा हिरो जिंकला का?" असं नेहमीप्रमाणे विचाराच, पण त्यानंतर आणखी एक विचारा, "त्याला मदत कुणी केली? त्यांचं नाव काय?" नाव सांगता आलं नाही तर पुढच्या शनिवारी विचारून यायला सांगा.

आणि टॉवरमध्ये राहणारे पालक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. खेळ घरी घ्यायलाही सोपा आहे. पाच कार्डं करायला बसा. तुमच्या गेटवरच्या, तुमच्या घरी येणाऱ्या, तुमचा कचरा नेणाऱ्या माणसांचं पूर्ण नाव मुलाला माहीत आहे का ते बघा. पहिल्याच प्रश्नाला पेन थांबलं, तर मुलाला घेऊन खाली जा आणि विचारा. लिफ्टने दोन मिनिटं लागतील.

मला मुलांच्या डोक्यातून सुपरहिरो काढून टाकायचा नाही. नऊ वर्षांच्या मुलाला उडावंसं वाटणारच, वाटलंच पाहिजे. फक्त उडताना खाली जी घरं दिसतात त्यांत कोण कोण राहतं, त्यांना आज काय हवंय, हे त्याला ठाऊक असावं. त्यातलं एक घर त्याचं स्वतःचं आहे.

तुम्ही तुमच्या गावासाठी कार्डं केलीत तर जरूर कळवा. डोंबिवलीच्या लोकलमधल्या डब्याचं एखादं कार्ड वाचायला मला फार आवडेल!